दोन सिंगल, एक तारीख: हिदेचं सोलो पदार्पण

५ ऑगस्ट १९९३ला जपानमधल्या सीडीच्या दुकानांत एकाच माणसाची दोन सिंगल एकदम आली. एक 'आइज लव्ह यू', दुसरं 'फिफ्टी पर्सेंट अँड फिफ्टी पर्सेंट'. कंपनी एमसीए व्हिक्टर. गायक हिदे, वय २८, एक्स जपान या बँडचा गिटारवादक. सहा वर्षं तो या बँडमध्ये होता, तोक्यो डोम भरवत होता, मासिकांत झळकत होता. पण गायक म्हणून त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, कारण गाणं हे बँडच्या गायकाचं, तोशीचं काम होतं.

एरवी नवख्या गायकाचं एकच गाणं निवडतात, सगळा जोर त्यावर लावतात आणि ते चाललं की दोन-तीन महिन्यांनी दुसरं काढतात. इथं पहिल्याच दिवशी आपलीच दोन गाणी आपल्याच समोर उभी केली. गिऱ्हाइकाच्या खिशात एकाच सिंगलचे पैसे असले तर त्यानं कुठलं उचलायचं? व्यवहार म्हणून हा निर्णय आतबट्ट्याचा वाटतो. मला मात्र या पदार्पणातली सगळ्यांत हुशार गोष्ट हीच वाटते. कारण कळायला थोडं मागे जावं लागेल.

माणूस

हिदेतो मात्सुमोतोचा जन्म १३ डिसेंबर १९६४चा, कानागावा प्रांतातल्या योकोसुकाचा. अमेरिकन नौदलाचा मोठा तळ असलेलं हे बंदर. शाळकरी वयात त्याच्या हाती 'किस' या अमेरिकन बँडची रेकॉर्ड पडली: तोंडाला रंग फासलेले, जिभा बाहेर काढलेले चार जण. आजीनं त्याला गिब्सन लेस पॉल गिटार घेऊन दिली. पुढे त्यानं सेव्हर टायगर नावाचा स्वतःचा बँड चालवला आणि दुसरीकडे तोक्योत केशरचनेचं रीतसर शिक्षण घेऊन ब्यूटिशियनचा परवानाही मिळवला. १९८७मध्ये बँड बंद पडला, तेव्हा गिटार ठेवून कात्री हातात घ्यायची असं त्याच्या मनात होतं. तेवढ्यात ड्रम आणि पियानो वाजवणाऱ्या योशिकीनं त्याला एक्समध्ये (एक्स जपानचं तेव्हाचं नाव) ओढलं.

केस कापायला शिकलेला गिटारवादक ही गंमत म्हणून सांगून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. व्हिज्युअल केई, म्हणजे भडक रंगभूषा आणि केशभूषेनं सजलेलं जपानी रॉक, हे नाव ज्यावरून पडलं ती ओळ एक्सच्या १९८९च्या 'ब्लू ब्लड' या अल्बमवर छापलेली होती: 'सायकेडेलिक व्हायोलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक'. हातभर उभे केलेले केस, पांढरा चेहरा, काळे डोळे, लेस आणि कातडं. बहुतेक बँडांना हे सगळं बाहेरून कुणीतरी करून द्यायचं. हिदेला आपलं डोकं कसं दिसेल हे हातानं माहीत होतं. पुढचा सोलो हिदे पाहताना हे लक्षात ठेवावं.

एक्समध्ये त्यानं गाणीही लिहिली. 'ब्लू ब्लड'वरचं 'सेलिब्रेशन' त्याचं, १९९१च्या 'जेलसी'वरची 'मिसकास्ट' आणि 'जोकर' त्याचीच. योशिकीच्या पियानोनं आणि अश्रूंनी भरलेल्या गाण्यांच्या मध्ये ही गाणी खोडकर पोरासारखी येतात. त्यांचा वेग कमी नाही, पण त्यांत गांभीर्याचं ओझं नाही. मैफलीत 'हिदेची खोली' नावाचा त्याचा स्वतंत्र भागही असायचा. म्हणजे तो काय करू शकतो याचा अंदाज चाहत्यांना होता. फक्त ते सगळं दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीत चाललं होतं.

१९९३ची परिस्थिती

जानेवारी १९९२मध्ये तोक्यो डोमच्या सलग तीन रात्रींनंतर बासवादक ताइजी बाहेर पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला पत्रकार परिषद घेऊन बँडनं नाव बदललं, एक्सचं एक्स जपान झालं आणि हीथ बासवर आला. सोनीशी नातं संपलं. अमेरिकेत जायचं होतं, पण गाडी हलत नव्हती. योशिकीचं एकच गाणं वर्षानुवर्षं पूर्ण होत होतं. ते 'आर्ट ऑफ लाइफ' अखेर २५ ऑगस्ट १९९३ला आलं. लांबी २९ मिनिटं, अल्बमभर तेवढं एकच गाणं.

या मोकळ्या काळात सगळेच आपापल्या वाटेनं काहीतरी करू लागले. तोशीनं १९९२मध्ये सोलो अल्बम काढला. योशिकीनं १९९३मध्ये वाद्यवृंद घेऊन 'इटर्नल मेलडी' काढला आणि त्यात बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचाही हात होता. म्हणजे हिदेच्या पदार्पणाभोवती बंडखोरीची कथा विणायला जागाच नाही. त्यानं बँड सोडला नव्हता, सोडणारही नव्हता. १९९३च्या ३० आणि ३१ डिसेंबरला तो पुन्हा तोक्यो डोममध्ये आपल्या जागी गिटार घेऊन उभा होता.

चाचपणी त्यानं आधी केली होती. जानेवारी १९९३मध्ये व्हिक्टरच्या 'डान्स टु नॉइज ००४' या संकलनात 'फ्रोझन बग' नावाचं एक गाणं आलं. करणारे तिघे: हिदे आणि लूना सी या बँडचे इनोरान आणि जे. लूना सीला योशिकीच्या एक्स्टसी रेकॉर्ड्सपर्यंत हिदेनंच आणलं होतं. गाणं यांत्रिक, खरखरीत, मुद्दाम बेढब. लोकप्रिय होण्याचा त्याचा काही इरादाच दिसत नाही. स्वतःच्या नावावर पहिलं पाऊल टाकण्याआधी त्यानं बाजूच्या गल्लीत फटाका लावून पाहिला, इतकंच.

आवाजाचं काय करायचं

खरी अडचण आवाजाची होती. तोशीचा आवाज उंच आणि धारदार, पट्टी कितीही वर गेली तरी न फाटणारा. एक्सची गाणी त्या आवाजाच्या मापानं शिवलेली होती. हिदेचा आवाज नाकातून येणारा, थोडा घोगरा, पल्ल्यानं मर्यादित. सहा वर्षं तोशीला ऐकलेल्या चाहत्यासमोर हा आवाज न्यायचा म्हणजे तुलना आपण होऊन ओढवून घ्यायची.

सोपे मार्ग दोन होते. एक, गिटारवादकाचा अल्बम करायचा: वाद्यसंगीत जास्त आणि पाहुणे गायक. दुसरा, एक्ससारखीच भव्य गाणी करून त्यात आपला आवाज कसाबसा ताणायचा. हिदेनं दोन्ही टाळले. त्यानं तुलना होऊच शकणार नाही अशा ठिकाणी गाणं नेलं. 'आइज लव्ह यू' उड्या मारत जाणारं रॉक गाणं आहे. 'फिफ्टी पर्सेंट' तर त्याहून उजळ, जवळजवळ बालिश आनंदाचं पॉप. दोन्हीत आवाजाला लांब तान धरावी लागत नाही. शब्द तुटक येतात, ठेक्यावर आपटतात, मध्येच वाकुल्या दाखवतात. घोगरेपणा इथं दोष उरत नाही, कारण या गाण्यात तोशीचा स्वच्छ स्वर घातला तर गाणं बिघडेल. मी मनातल्या मनात तो प्रयोग करून पाहिला आहे, आणि नाहीच जमत.

आता दोन सिंगलांचा मुद्दा. एकच गाणं आलं असतं तर ऐकणाऱ्यानं लगेच ठरवून टाकलं असतं: हिदे पॉपकडे गेला, किंवा हिदे अमुक प्रकारचं रॉक करतो. दोन वेगळ्या चेहऱ्यांची गाणी एकाच तारखेला आल्यामुळे तसं ठरवायला आधारच उरला नाही. आणि प्रत्येक सीडीवर आणखी एकेक गाणं होतं. 'आइज लव्ह यू'च्या सोबत 'ऑब्लात', 'फिफ्टी पर्सेंट'च्या सोबत 'डाउट'. 'डाउट'मध्ये गोड काही नाही. यंत्रांचा कर्कश गोंगाट, चिरडल्यासारखी गिटार आणि रागानं थुंकावं तसं गाणं. उजळ पॉपसाठी पैसे मोजलेल्या पोरीनं घरी जाऊन दुसरं गाणं लावलं की तिला हे ऐकू यायचं. ऑब्लात म्हणजे कडू औषधाची पूड गिळता यावी म्हणून ती गुंडाळायचा स्टार्चचा पातळ पापुद्रा. जपानी घरांत तो ओळखीचा असतो.

तर एका दिवसात चार गाणी, आणि चौघांची तोंडं चार दिशांना. हिदे कोण याचं उत्तर पहिल्याच दिवशी 'ठरलेलं नाही' असं देऊन टाकलं. पुढच्या पाच वर्षांत त्यानं जे जे केलं त्यासाठी ही मोकळीक त्यानं तेव्हाच मिळवून ठेवली.

शब्द दुसऱ्याचे

एक तपशील चाहत्यांच्या बोलण्यात फारसा येत नाही. दोन्ही मुख्य गाण्यांचे शब्द हिदेचे नाहीत. ते युकिनोजो मोरी या मुरलेल्या गीतकारानं लिहिलेले आहेत. 'ऑब्लात' आणि 'डाउट'चे शब्द मात्र हिदेचे स्वतःचे.

भावगीतांवर वाढलेल्या आपल्या कानाला यात खटकण्यासारखं काही नाही. रेकॉर्डवर गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावं असायची आणि कुणाचाच मान कमी व्हायचा नाही. पण रॉक बँडच्या जगात आपलं आपण लिहिणं ही इभ्रतीची गोष्ट असते, आणि हिदे आधीपासून लिहितही होता. तरी दुकानात पुढे मांडायच्या दोन गाण्यांसाठी त्यानं धंद्यातला माणूस घेतला. माझा अंदाज असा की गायक म्हणून उभं राहायची जोखीम एकदम एकच घ्यायची, दुसरी पुढे ढकलायची, असा हा हिशेब होता. पुढचं सिंगल 'डाइस' २१ जानेवारी १९९४ला आलं, त्याचे शब्द हिदेचे. २४ मार्चचं 'टेल मी' तेही त्याचंच, आणि आज त्याची सगळ्यांत आठवणीतली गाणी कुठली असं विचारलं तर 'टेल मी' पहिल्या दोन-तीनांत येईल. कुबडी सहा महिन्यांत टाकली, हे त्यावरून दिसतं. काही चाहते या पहिल्या दोन गाण्यांना 'अजून पुरता हिदे नाही' म्हणतात. शब्दांपुरतं ते खरं आहे. चालीपुरतं मुळीच नाही.

चेहरा

१९९३मधलं जपानी सिंगल म्हणजे आठ सेंटिमीटरची चिमुकली सीडी, उभ्या अरुंद कागदी वेष्टनात. व्हिज्युअल केईच्या माणसासाठी ही जागा फारच अपुरी. आपण आज फोनवर आधी व्हिडिओ पाहतो आणि मग गाणं आवडलं की नाही ते ठरवतो. तेव्हा तसं नव्हतं. चेहरा पोचायचा तो मासिकांच्या गुळगुळीत पानांतून, टीव्हीवर मिळालेल्या काही मिनिटांतून आणि विकत घेतलेल्या व्हिडिओ कॅसेटींतून. म्हणून प्रोमो व्हिडिओत जे दिसतं ते परत परत, थांबवून थांबवून पाहिलं जायचं.

एक्सच्या चित्रीकरणात नजर कुठे जायची ते ठरलेलं होतं. मध्ये तोशी, मागे ढोलांच्या डोंगरात किंवा पियानोवर योशिकी. हिदे कडेला, आणि तिथून तो काय चाळे करतो ते शोधणं हा चाहत्यांचा आवडता खेळ. सोलो व्हिडिओत कॅमेऱ्याला दुसरीकडे जायला वावच नाही. कडेचा माणूस मधे आला की बहुतेकदा एक तर तो अवघडतो, नाहीतर मधल्या माणसाची नक्कल करतो. हिदेनं कडेचे चाळे तसेच मधे आणले. रंगवलेले केस, भडक कपडे, लवचिक अंग, तोंडं वेंगाडणं, दुःखी राजकुमाराचा आव अजिबात नाही. एक्सचं सौंदर्य शोकाचं होतं, काळं-पांढरं आणि गुलाबाच्या पाकळ्यांचं. इथं खेळण्यांच्या दुकानासारखे रंग आले. फर्नांडिस कंपनीची त्याची पिवळ्या अंगावर लाल बदामांची गिटार पाहिली तरी हा फरक कळतो. भीतीदायक आणि गोजिरवाणं एकाच चेहऱ्यावर मावतं, हे व्हिज्युअल केईत त्याच्याइतकं सहज आधी कुणी दाखवलं नव्हतं असं माझं मत आहे.

त्याच वर्षी 'सेथ एट होल्थ' या लघुपटात तो झि:किल बँडच्या तस्कसोबत दिसला. तिथलं वातावरण पार वेगळं, गूढ. म्हणजे चित्रांतही त्यानं एकच ओळख पक्की होऊ दिली नाही. २३ फेब्रुवारी १९९४ला पहिला अल्बम आला तो 'हाइड युअर फेस'. मुखपृष्ठावर स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांच्या कलाकृतीवरून केलेला मुखवटा. ज्या क्षेत्रात चेहराच विकला जातो तिथं पहिल्या अल्बमवर चेहराच नाही. नावातसुद्धा त्यानं एक गंमत केली होती. एक्समध्ये त्याचं नाव इंग्रजीत सगळ्या मोठ्या अक्षरांत छापलं जायचं, सोलो कामावर सगळ्या लहान अक्षरांत.

निकाल कसा मोजायचा

ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या विक्रीच्या, यादीत दोन्ही सिंगल पहिल्या दहांत आली. एकमेकांची गिऱ्हाइकं खातील ही भीती निदान क्रमवारीत तरी खरी ठरली नाही. पण यावर फार नाचू नये. त्या काळात एक्स जपानच्या सदस्यानं काहीही काढलं असतं तरी पहिल्या आठवड्यात रांग लागलीच असती. पहिल्या आठवड्याची विक्री बँडची पुण्याई सांगते, गाण्याचं बळ नाही. २ मे १९९८ला, वयाच्या ३३व्या वर्षी हिदे गेला. त्यानंतरचे विक्रीचे आकडेही इथं पुरावा म्हणून आणू नयेत. त्यांत शोक मिसळलेला आहे.

मग उरतं काय? माझ्या लेखी दोन गोष्टी. पहिली अशी की १९९६च्या सप्टेंबरमध्ये आलेला दुसरा अल्बम 'सायन्स' पहिल्या क्रमांकावर गेला. कुतूहल तीन वर्षांत ओसरतं, आणि ओसरल्यावर माणसं वाढली.

दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. पहिल्या अल्बमवर ही दोन्ही गाणी आहेत, पण सिंगलवरच्या रूपात नाहीत. 'आइज लव्ह यू' तिथं 'टी. टी. ग्रूव्ह मिक्स' म्हणून येतं, 'फिफ्टी पर्सेंट' 'क्रिस्टल लेक व्हर्जन' म्हणून. अल्बमसाठी बासवर टी. एम. स्टीव्हन्स आणि ड्रमवर टेरी बोझिओ होते. पहिल्यानं जेम्स ब्राउनसोबत काम केलेलं, दुसरा फ्रँक झापाच्या बँडमधून आलेला. संगणकावरचं काम हिदेचा सहकारी आय. एन. ए. याचं, एक्सच्या दिवसांतला ओळखीचा. 'आइज लव्ह यू' या हातांत जास्त मांसल झालं. 'फिफ्टी पर्सेंट'चं तर वेषांतरच झालं. सगळी चमक उतरवून अंगणात बसून वाजवावं तसं. 'डाउट' आणि 'ऑब्लात'ही रीमिक्स होऊन आली. यादीत वर गेलेलं गाणं सहा महिन्यांत मोडून पुन्हा जोडायचं धाडस कंपनीच्या तालावर नाचणारा नवखा करत नाही. यशस्वी सिंगल अल्बमवर जसंच्या तसं असावं अशी विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांची अपेक्षा असते. हिदेनं पदार्पणाची गाणी कच्च्या मसुद्यासारखी वागवली, आणि ऐकणाऱ्यांनी ते चालवून घेतलं, कारण पहिल्याच दिवशी त्यांना तशी सवय लावली होती.

नंतर आलेले

१९९७मध्ये लूना सीनं वर्षभर बँड थांबवून पाचही जणांना आपापलं करायला मोकळं सोडलं. त्यांतले जे आणि इनोरान म्हणजे 'फ्रोझन बग'मधलेच. बँड न मोडता एकट्यानं काम करता येतं हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. गाक्तची गोष्ट वेगळी. १९९९च्या सुरुवातीला तो मालिस मिझेर या बँडमधून बाहेर पडला आणि मे महिन्यात 'मिझेराब्ल' घेऊन आला. तो मुळातच गायक, त्यामुळे आवाजाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो बँडची सगळी नाट्यमय सजावट मागे ठेवून आपलं काय उरतं हा. मियावीचं उदाहरण आणखी जवळचं. तोही गिटारवादक, द्यूए ल क्वार्त्झ हा बँड २००२च्या सप्टेंबरात संपला आणि ऑक्टोबरात, २१व्या वर्षी, 'गागाकू' हा त्याचा सोलो अल्बम आला. गिटारवादकानं एकट्यानं गावं, चेहऱ्यावर रंग आणि ओठांवर थट्टा असावी, हे तोवर कुणाला नवलाचं राहिलं नव्हतं. पण मियावीला परत जायला बँड नव्हता. हिदेला होता, आणि या प्रकरणावरून धडे काढणारे नेमका हाच फरक विसरतात. हरलो तर डिसेंबरात डोम आहेच, ही खात्री असलेला माणूस चार गाण्यांची तोंडं चार दिशांना करू शकतो. ज्याचं घरभाडं त्या सिंगलवर अवलंबून आहे त्याला तोच सल्ला देताना मी तरी दोनदा विचार करीन.

ज्यांना हे ऐकून पाहायचं आहे त्यांनी आधी 'फिफ्टी पर्सेंट'चं सिंगल ऐकावं, लगेच 'डाउट', आणि मग अल्बमवरचं 'क्रिस्टल लेक व्हर्जन'. तिन्ही मिळून पंधरा मिनिटंही लागत नाहीत, म्हणजे 'आर्ट ऑफ लाइफ'च्या जेमतेम निम्म्या वेळात काम होतं. व्हिडिओ त्यानंतर पाहावा. आधी पाहिला तर केसांवरून नजर हटत नाही आणि चाल ऐकायची राहून जाते.